खातूनबींचे ठसे
"टेंभुर्णीत संग्रहालय?" जालन्याच्या स्टँडवर कंडक्टर हसला. "बाई, त्यापेक्षा बाजार बघा. तिथंबी समदं मांडलेलं राह्यतं."

मीही हसले. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच एकटी प्रवासाला निघाले होते. एका मासिकात सोनवणे गुरुजींचं छोटंसं निवेदन वाचलं होतं: जुनी अवजारं, गोधड्या, जत्रेतले मुखवटे टाकून देऊ नका, आमच्या शाळेच्या खोलीत आणून द्या. ती खोली बघावीशी वाटली, एवढंच.

कपाशी वेचणीचे दिवस होते. जाणार असाल तर डोक्याला रुमाल आणि बरोबर पाणी ठेवा. रस्त्याची धूळ खिडकीतून थेट मांडीवर येते. उतरल्यावर स्टँडसमोर पिठलं-भाकरी मिळते, ठेचा मागितला तर हसून दुप्पट वाढतात.

गुरुजींनी खोलीची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी एका घरी अंघोळीचं पाणी तापवायला जुना हातमाग फोडायला काढला होता. गुरुजींनी गाडीभर जळण नेऊन दिलं आणि माग उचलून आणला. लोक म्हणाले, मास्तरला भंगाराचा नाद लागला. मग एकाने कुंभाराचं चाक आणलं, एका बाईने सासूची गोधडी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावलेली; तिच्यावर वस्तू करणाऱ्याचं नाव आधी, देणाऱ्याचं मागून.

फळीवर कपडा छापायचे तीन लाकडी ठसे होते. तिन्ही तडकलेले.

"हे माझं पाप," गुरुजी म्हणाले. "मळके दिसले म्हणून सोड्याच्या गरम पाण्यात धुतले अन् उन्हात वाळवले. रंगाऱ्याच्या खातूनबींनी दिल्ते. त्यांच्याकडं अजून पेटीभर आहेत. आता दारातबी उभं करत न्हाईत."

तरी आम्ही गेलो. खातूनबी साठीच्या, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"या गुरुजी. अजून काही धुवायचं राह्यलं का?"

"माफी मागायला आलो, आपा."

"माफी तर मागच्या टायमालाबी मागितली. लाकूड जुडलं का?"

मला राहवलं नाही. "मग धुवायचे कसे?" मी विचारलं.

"धुवायचेच न्हाई!" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "ओल्या फडक्यानं पुसायचं. सावलीत ठेवायचं. तेल पाजायचं, लेकराला चोळता तसं." बोलता बोलता आत जाऊन त्या एक ठसा घेऊनच आल्या. आंब्याची कोयरी, कडेला बारीक जाळी. त्यांच्या नवऱ्याने कोरलेली.

गुरुजींनी खिशातून वही काढली.

"लिहून काय होतंय?" त्या म्हणाल्या. मग कितीतरी वेळ कोयरीवर अंगठा फिरवत राहिल्या. "पोरं जालन्यात लॉरी चालवून राह्यली. त्यांना यातलं काहीच येत न्हाई. मी गेले की पेटी चुलीतच जाईल." त्या उठल्या. "चला. मीच येते. पेटीला हात फक्त माझा लागंल."

सायकलच्या कॅरिअरवर पेटी, हँडल गुरुजींकडे आणि पेटीवर घट्ट हात ठेवून खातूनबी. गल्ली बघत उभी राहिली. खोलीत त्यांनी फडकं अंथरलं, रंग कालवला आणि ठसा माझ्याच हातात दिला.

"दाबू नका, वरून मुठीनं ठोका. जल्दी!"

माझी कोयरी वाकडी उमटली. मी ओशाळले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आमच्या ह्यांचंबी असंच आल्तं." गुरुजींनी चेहरा खिडकीकडे वळवला.

घरी येऊन महिना झाला. संग्रहालयात हळू बोलायचं, लांबून बघायचं, हीच माझी आजवरची सवय. रंगाचा डाग नखाखालून जायला आठवडा लागला; तो असेपर्यंत उगाच बरं वाटत होतं. काल गुरुजींचं पत्र आलं. खातूनबी दर बाजारच्या दिवशी येतात, सहा मुली शिकताहेत, आणि गुरुजींना दर खेपेला बोलणी बसतात. दारावर पाटीही लागली आहे, मजकूर खातूनबींनी सांगितलेला: 'हात धुऊन, कोरडे करून, मग खुशाल हात लावा.'