आडनाव खालच्या ओळीत

“माझं पुस्तक मला परत द्या, मॅडम,” असं म्हणून कांबळे साहेबांनी मेंबरशिपचं कार्डही टेबलावर ठेवलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आवाज चढवणाऱ्यांना मी पुरून उरते. नारायण पेठेतल्या लायब्ररीच्या काउंटरवर बसायचं तर तेवढं यावंच लागतं.

कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झाल्यावर मी या छोट्या लायब्ररीत पार्टटाइम जायला लागले. मला एका ठरावीक कामासाठी बोलावलं होतं, प्रत्येक पुस्तकाला वर्गांक द्यायचा. वर्गांक म्हणजे विषयाचा नंबर. तोवर तिथल्या कपाटांना कुलपं होती. मेंबरने काउंटरवर नाव सांगायचं, आतून कोणीतरी शोधायचं, आणि सापडलं नाही की “बाहेर गेलंय” म्हणून मोकळं व्हायचं. आता कमिटीला लायब्ररी मुक्तद्वार करायची होती. मेंबरने स्वतः कपाटापर्यंत जायचं आणि हवं ते पुस्तक काढायचं. त्यासाठी एका विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी हवीत.

यात गूढ काही नाही. जगातल्या सगळ्या विषयांचे दहा मोठे खण केलेत. सहाशेच्या खणात रोजच्या कामाला येणारं शास्त्र: वैद्यक, इंजिनिअरिंग, शेती, स्वयंपाक. त्या खणात आणखी छोटे खण. 641 म्हटलं की स्वयंपाक, मग लोणची असोत की पुरणपोळी. नंबर हा पुस्तकाचा पत्ता, आणि तो विषयावरून ठरतो. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम, आणि खरं सांगायचं तर शेवटचाही.

कांबळे साहेब पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. अख्खी नोकरी जमिनीखालच्या पाइपलाइनी सांभाळण्यात गेली. राहायला कात्रजला, पण पेठांमधल्या लाइनींवर उमेदीची वर्षं घालवलेली, त्यामुळे ही लायब्ररी त्यांना आपली वाटायची. दर सोमवारी बसने यायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं, ‘तोटीच्या अलीकडे’. तोटी उघडली की पाणी येतं, पण ते तोटीपर्यंत कसं येतं, त्याचं पुस्तक. पदरमोड करून छापलं आणि एक प्रत लायब्ररीला भेट दिली. हे सगळं मी येण्याच्या बरंच आधीचं.

त्या सोमवारी कपाटं पहिल्यांदा उघडी झाली होती, आणि कुठलाही लेखक करील तेच त्यांनी केलं. आधी स्वतःचं पुस्तक शोधायला गेले. इंजिनिअरिंगमध्ये नव्हतं. पुणे शहराच्या कपाटात नव्हतं. सापडलं खिडकीशेजारच्या शेवटच्या कपाटात. त्यावर पाटी होती, ‘दलित साहित्य’.

“मी कविता केल्या असत्या, तर तिथे आनंदाने बसलो असतो,” ते म्हणाले. “फार मोठी माणसं आहेत त्या कपाटात. पण मी व्हॉल्व्हवर लिहिलंय, मॅडम.”

मी म्हटलं, माझं काम अजून त्या कपाटापर्यंत आलेलं नाही. ते म्हणाले, कपाट तुमच्या आधीचं आहे, मला ठाऊक आहे. रविवारी तुमची कमिटी बसते. मी सोमवारी येतो. पुस्तक तिथेच दिसलं तर घेऊन जाईन, आणि पुन्हा येणार नाही. एवढं बोलून ते गेले. कार्ड टेबलावरच राहिलं. ते मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं.

मग उठले आणि ते कपाट रिकामं करायला घेतलं. कविता होत्या, आत्मचरित्रं होती, कथा होत्या. त्यांच्या मध्ये कुक्कुटपालनावरचं एक पुस्तक होतं. हृदयरोगावर एका डॉक्टरने लिहिलेलं होतं. बँकेच्या परीक्षेचं गाइड होतं. दहावीचं बीजगणित होतं. या सगळ्यांत सारखं काय, म्हणून मी अनुक्रमणिका चाळल्या. अनुक्रमणिकेत सारखं काहीच नव्हतं. मग कव्हरं एका ओळीत मांडली आणि डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी कोणीतरी पुस्तक उघडण्याचे कष्ट न घेता कव्हरवरची सगळ्यात खालची ओळ वाचली होती. लेखकाचं आडनाव वाचून पुस्तकाचा विषय ठरवला होता. माझं डोकंच फिरलं. अहो, कोंबडीला कसली आलीय जात.

कपाट कमिटीने ठराव करून केलेलं, त्यामुळे मला परस्पर मोडता येत नव्हतं. मी कार्यवाहांकडे गेले. आमचे कार्यवाह जोगळेकर, बँकेतून रिटायर झालेले, माणूस सरळ पण हेकट. ते म्हणाले, तो खास विभाग आहे, आम्ही मानाने केलाय. मी म्हटलं, त्यात कोंबड्या आहेत. ते म्हणाले, चुकून गेल्या असतील. मग चष्मा काढून म्हणाले, “मॅडम, आपल्याला नंबर घालायला बोलावलंय. समाज सुधारायला नाही.”

“नंबरच घालतेय,” मी म्हटलं. “मानाने का होईना, पंगतीत एकाचं ताट वेगळं मांडलंत तर जेवणाऱ्याला ते वेगळंच दिसतं. आणि मला त्या ताटाला नंबर सापडत नाहीये.”

रविवारी मांडा, म्हणाले, आणि पेपरात डोकं घातलं.

आता कमिटीपुढे भाषण करून काही होत नाही, हे मला कॉलेजात राहून कळलेलं आहे. भाषणाला लोक मान डोलावतात आणि चहा आला की विसरतात. मी लक्ष्मी रोडवरून खाकी कागद आणला. जून महिन्यात आपण मुलांच्या वह्या-पुस्तकांना घालायचो ना, तशी कव्हरं घातली. आधीची काही पानं, जिथे लेखकाचं नाव असतं, ती पिना मारून आत दुमडली. उरली फक्त अनुक्रमणिका आणि मजकूर. त्या कपाटातली काही पुस्तकं घेतली. एक मुद्दाम दुसऱ्या कपाटातलं घेतलं.

‘तोटीच्या अलीकडे’चा नंबर मात्र मी आधीच ठरवून ठेवला. वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. पुस्तक एक आणि बसायच्या जागा तीन, असं होतं कधी कधी. पाणीपुरवठ्याचा कारभार म्हणून ते समाजशास्त्रात बसलं असतं. पेठांची माहिती म्हणून पुण्याच्या इतिहासात बसलं असतं. मी ते सबंध वाचलं. लोखंडी दांडी पाइपला टेकवून, दुसऱ्या टोकाला कान लावून गळती कशी ओळखायची, व्हॉल्व्ह अर्धा सोडला तर पुढच्या गल्लीत काय होतं, उंचावरच्या घराला पाणी का चढत नाही. अर्ध्याहून जास्त पानं या तंत्राची. म्हणजे इंजिनिअरिंग. 628.1, पाणीपुरवठा. नंबर बरोबर बसला की मला अजूनही कुलपात किल्ली फिरल्यासारखं वाटतं. चहा टाकला आणि एकटीच खूश होऊन प्यायले.

रविवारी कमिटी बसली. मी प्रत्येकापुढे एकेक खाकी पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, वर्गीकरणात तुमची मदत हवी. अनुक्रमणिका वाचा आणि हे पुस्तक कुठे ठेवायचं ते सांगा. लोकांना मदत मागितली की आवडतं, आणि पुण्यात मत मागितलं की फारच आवडतं.

आमचे अध्यक्ष डॉ. घाटे, जुने फॅमिली डॉक्टर. त्यांच्या हातात हृदयरोगाचं पुस्तक होतं. ते मन लावून वाचत बसले आणि म्हणाले, “उत्तम लिहिलंय. पेशंटला कळेल असं. आरोग्यात ठेवा, पुढच्या बाजूला.” दुसऱ्या एकांनी कोंबड्या शेतीत पाठवल्या. जोगळेकरांपुढे मी ‘तोटीच्या अलीकडे’ ठेवलं होतं. ते राहतात तिसऱ्या मजल्यावर. सकाळी त्यांच्याकडे पाण्याची धार करंगळीएवढी येते, हे सबंध गल्लीला माहीत आहे, कारण ते सबंध गल्लीला सांगतात. ‘वरच्या मजल्याला पाणी का चढत नाही’ या प्रकरणावर त्यांचं बोट थांबलं. मग ते पान उलटून पुढे वाचायलाच लागले. मी दोनदा हाक मारली तेव्हा वर बघितलं.

“इंजिनिअरिंग,” ते म्हणाले. “यात विचारायचं काय?”

मग मी ते दुसऱ्या कपाटातलं पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. अनुक्रमणिकेत सगळी दलित कवितेची समीक्षा. जोगळेकरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, हे त्या खिडकीशेजारच्या कपाटात जाईल, उघड आहे.

मी म्हटलं, आता कव्हरं काढा.

कागदांचा आवाज तेवढा झाला. डॉक्टरांनी आपल्या लेखकाचं नाव वाचलं, मग पुस्तकाच्या पाठीवरचा त्या कपाटाचा निळा स्टिकर बघितला आणि पुस्तक हळूच खाली ठेवलं. जोगळेकरांच्या हातातली समीक्षा एका प्राध्यापकांची निघाली, आडनाव थेट सदाशिव पेठेतलं. पाठीवर स्टिकर ‘समीक्षा’ या कपाटाचा.

“म्हणजे बघा,” मी म्हटलं, “दलित साहित्यावरचं पुस्तक त्या कपाटात नाही, आणि कोंबड्या आहेत. हा विषयाचा विभाग नाही, जोगळेकर. हा आडनावांचा आहे. आणि आडनावाला द्यायला माझ्याकडे वर्गांक नाही.”

डॉक्टर म्हणाले, “जोगळेकर, ठराव लिहा.” जोगळेकरांनी लिहिला, आणि चांगल्या अक्षरात लिहिला. कपाट बंद करून प्रत्येक पुस्तक आपापल्या विषयात लावावं. कविता कवितांमध्ये, आत्मचरित्रं आत्मचरित्रांमध्ये. ज्याला ते साहित्य एकत्र अभ्यासायचं असेल, त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर तशी सूची करावी. सूची माझी सूचना होती, पण ती त्यांनी स्वतःच्या नावावर घातली. मी घालू दिली. जिंकल्यावर माणसाने थोडं उदार व्हावं.

मीटिंग संपली. सगळे जिना उतरले. जोगळेकर मागे राहिले, खुर्च्या सरळ करत. त्या खुर्च्या सरळच होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ते पाण्याचं पुस्तक इश्यू होतं का? मी म्हटलं, नंबर मिळालेलं कुठलंही पुस्तक इश्यू होतं. लेबल चिकटवून त्यांच्या हातात दिलं. दाराशी उभे राहून त्यांनी ते पुन्हा उघडलं, आणि तसेच वाचत वाचत जिन्याकडे गेले. मला मनातून इतका आनंद झाला होता की दाराला कुलूप लावताना मी चक्क गुणगुणत होते.

सोमवारी कांबळे साहेब आले. माझ्याशी न बोलता सरळ आत गेले. खिडकीशेजारी आता वर्तमानपत्रांचं टेबल होतं. ते इंजिनिअरिंगकडे वळले. बराच वेळ त्यांची पाठ दिसत होती. मग परत आले, चेहरा उतरलेला.

“पुस्तक तिथेही नाही, मॅडम. काढूनच टाकलंत?”

“जोगळेकरांनी घरी नेलंय,” मी म्हटलं. “आणि त्यांच्या सोसायटीच्या चेअरमनने रांगेत नंबर लावलाय.”

ते खुर्चीत बसले. रुमाल काढून चष्मा पुसला. बसने आलेल्या माणसाचा चष्मा खराब असतोच, म्हणून मी तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, नंबर काय दिलात? मी चिठ्ठीवर लेबलाची नक्कल काढून दाखवली. वर 628.1, आणि त्याच्या खाली ‘कांब’.

“हे खालचं काय?”

“आडनाव.”

“म्हणजे आहेच ते.”

“आहे. पण खालच्या ओळीत, आणि एवढ्याच कामाला. एका विषयावर दोघांनी लिहिलं असेल, तर आधी कोणाचं पुस्तक ठेवायचं ते त्यावरून ठरतं. सगळ्यांचंच लिहितो. जोगळेकरांनी पुस्तक लिहिलं तर त्यांचंही लिहू.”

त्यांनी चिठ्ठी जरा लांब धरून पुन्हा वाचली. “या विषयावर आपल्या लायब्ररीत दुसरं कोणाचं पुस्तक आहे?”

“नाही कोणाचं.”

“मग ते खालचं लागतच नाही,” असं म्हणून ते हसले, आणि त्यांनी हात पुढे केला. “माझं कार्ड आहे ना अजून? द्या. आज पुस्तक न्यायचंय.”

‘तोटीच्या अलीकडे’ त्यानंतर क्वचितच जागेवर दिसतं. मेंबर तक्रार करतात. मी ती आनंदाने ऐकते. नव्याने हे काम शिकायला येणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते: आधी अनुक्रमणिका वाचा, मग प्रस्तावना वाचा, मग नंबर द्या. आडनाव सगळ्यात शेवटी, तेही पुस्तक ओळीत उभं करायला लागलं तरच.