रेघेच्या मागं

परवा कार्यक्रमात बास गिटार वाजवून उतरलो, तर एक जण येऊन म्हणाला, तुमचा बास म्हणजे नुसता मध. मी तोंडदेखलं हसलो — आतून असा भडकलो होतो की कानाखाली जाळ काढावा. त्याच्या नाही, माझ्याच. का, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साजिदला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. ऐका, आणि मध्येच ‘जाऊ द्या हो’ म्हणू नका. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आधी त्या बासबद्दल — बघा, आत्ताही मी बासच्या आड लपतोय! असो. जॅझ वाजवायचा तर बिनफ्रेटचा बास हवा, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. सूर घसरत जातो त्यावर, बोलल्यासारखा. नवा घ्यायची ऐपत कुठं होती? होता तोच स्वस्तातला बास मांडीवर घेतला, मानेवरच्या आडव्या पट्ट्या — त्याच फ्रेट — पकडीनं एकेक उपटल्या, खाचांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासलं. पांढऱ्या रेघा तेवढ्या राहिल्या. आता एक फरक समजून घ्या, सगळं त्यावरच आहे. पट्टी असते तेव्हा बोट पट्टीच्या किंचित मागं दाबायचं. सूर पट्टी सांभाळते. पट्टी काढली की बोट बरोबर रेघेवर हवं. मागं राहिलं की सूर उतरला.

साजिद कीबोर्ड वाजवायचा. शुक्रवार पेठेत त्याच्या दुकानाच्या माडीवर आम्ही जमायचो. गायची अरुणा — घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, गाणं इंग्रजी, आणि तिन्हींत सारखीच ठसकेबाज. सोलापुरात जॅझ ऐकतंय कोण, म्हणून लोक हसायचे. ती म्हणायची, हसू दे की. माझ्या बासवर कान ठेवून गायची ती. तू खाली खर्जात असलास की मला भीती वाटत नाही, असं एकदा म्हणाली होती.

होटगी रोडवरच्या एका हॉटेलला शनिवारच्या संध्याकाळी वाजवणारे हवे होते. आधी मालक ऐकणार. अरुणाच्या घरी लग्नाची घाई चालली होती. हे काम मिळालं तर गाणं सोड म्हणणार नाही, असं वडिलांनी कबूल केलं होतं. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

मालक समोर बसले आणि माझे हात गार पडले. बोटं जुन्या सवयीवर गेली — रेघेच्या मागं. गाणं संथ, एकेक सूर लांबवायचा, लपायला जागाच नाही. कीबोर्ड आपल्या जागी, मी खाली, आणि ती? ती माझ्यासोबत खाली आली. विश्वासानं आली हो! सगळं गाणं आंबून गेलं. शेवटच्या सुरावर माझी नजर बोटाकडं गेली, तर रेघ बोटाच्या पुढं मोकळी दिसत होती. म्हणजे मला कळलं होतं. मागाहून उमगलं वगैरे काही नाही. तिथंच कळलं.

मालक म्हणाले, वाजवणं ठीक आहे, बाईंचा सूर हलतोय. साजिदनं माझ्याकडं बघितलं. त्याचा माझ्या कानावर भरवसा.

“खरं सांग, कोण उतरलं?”

“अरुणा,” मी म्हणालो.

ती भांडली नाही. भांडायला हवं होतं, दोन शिव्या हासडायला हव्या होत्या! तिनं फक्त मला विचारलं, “तुला ऐकू आलं?” मी हो म्हणालो. खापर तिच्या डोक्यावर फोडून मोकळा झालो. ‘मी’ — एवढंच म्हणायचं होतं ना? तेवढंही या हलकट तोंडातून निघालं नाही.

हॉटेलनं आम्हा दोघांना ठेवलं, गाण्याशिवाय. आणि पुढच्याच शनिवारी मी बरोबर रेघेवर बोट ठेवून वाजवलं. सगळ्यात जास्त चीड त्याचीच येते — जमत होतं की मग! अरुणा माडीवर यायची थांबली. तिचं लग्न झालं, गावातच. किती वेळा वाटलं, जाऊन सांगावं — हे पण खोटंच. फारसं वाटलं नाही. मी लाज कोळून प्यायलो होतो, आणि शनिवारी टाळ्या मिळत होत्या.

गेल्या महिन्यात तिच्या मुलीचं बारसं झालं. तिनं आठवणीनं बोलावलं. घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन मी बायकांच्या मागं उभा होतो. पोरीला पाळण्यात घातलं, कानात नाव सांगून झालं, आणि कुणीतरी म्हणालं, पाळणा आईच म्हणेल, किती गायची ती. अरुणा हसली. त्या हसण्यात राग नव्हता — असता तर बरं झालं असतं.

“नको गं, मी बेसुरी,” ती म्हणाली, आणि माझ्याकडं बोट दाखवलं. “ह्याला विचारा की. ह्यानंच पकडलं होतं मला.”

सगळ्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या. आता तरी? मी मान हलवली — हो म्हणून.

पाळणा शेजारच्या बाईंनी म्हटला. अरुणा दोरी ओढत होती, ओठ मिटून.