विहिरीच्या भिंतीतला लाल थर

सोनगीरची सुंदरबाई धुळ्याच्या एका लहानशा संग्रहालयात झाडलोट करायची. नवरा चुडामण विहिरी खणायचा. पाणी लागेपर्यंत बाईमाणसानं विहिरीच्या काठावर पाय ठेवायचा नाही, असा त्यांच्याकडचा दंडक. एक दिवस चुडामण भाकर घरीच विसरून गेला, म्हणून ही काठावर गेली, हाक मारली, आणि तेवढ्यात आतली बाजू ढासळली. चुडामण गाडला गेला. झालं! गावानं ठरवून टाकलं, बाईच्या पायानं विहीर बसली. सासू बेबाबाईनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. सुंदरबाईलाही ते खरंच वाटे. रडू मात्र तिला तेव्हाही आलं नाही आणि नंतरही नाही.

संग्रहालयातल्या दगडांच्या कपाटाकडे कुत्रं फिरकत नसे. फिरकेल कशाला? काचेआड खडे आणि खाली उच्चारता दात पडतील अशी नावं! चौपन्न साली रतिलालभाऊ तिथं प्रमुख म्हणून आले. गृहस्थ हट्टी. लोकांना आपल्या पायाखालची जमीन कळलीच पाहिजे म्हणाले, आणि कपाट हलवून त्यांनी खरे दगड आणि माती थराथरानं रचून अख्खी विहिरीची बाजूच भिंतीला उभी केली. वर मुरूम, मग काळा पाषाण, मधे लाल मातीचा थर, खाली पुन्हा पाषाण. हात लावायला मुभा. खेड्यापाड्यांतली माणसं लोटली. भाऊ त्यांना सांगत, ज्वालामुखीचा रस थिजून पाषाण झाला, त्यावर माती साठली, तिच्यावर पुन्हा रस वाहून आला. ही दबलेली लाल माती ओल धरते, फुगते आणि सुटते, की विहिरीची बाजू ढासळते.

फडकं हातात धरून सुंदरबाई हे रोज ऐकायची. एकदा सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, काठावर बाई उभी राहिली म्हणून सुटते का?"

"कुणीच नसलं तरी सुटते, सुंदरबाई."

तिला हलकं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. पण सासूच्या कानावर हे घालायचंच, एवढं डोक्यात बसलं. पाया पडून, विनवण्या करून तिनं म्हातारीला मोटारीनं धुळ्याला आणलं. भाऊंनी सगळं पुन्हा समजावलं. बेबाबाई लाल थरावरून बराच वेळ बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "बठ्ठं खरं शे. पन तू तठे कसाले गयथी?"

"त्यास्ले भूक लागनी व्हती, माय."

म्हातारी तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. सुंदरबाईला वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल. ती वाट बघत उभी राहिली.