डोळ्यात रुजलेली बुरशी

माझा डोळा लाल झाला त्या दिवशी इब्रामपुरातले कोंबडे भर दुपारी पहाट समजून आरवले. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. झालं होतं एवढंच, की भात झोडताना एक लोंबी उसळून उजव्या डोळ्यात लागली. पण भाजीचा टेम्पो घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणाऱ्या माणसाचा डोळा म्हणजे निम्मा टेम्पो.

शेजारच्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आमच्याकडे ऑपरेशनचे उरलेले थेंब कोणी फेकत नाही, ते देवळातल्या तीर्थासारखे वाड्यावर घरोघर फिरतात. काका बाटली घेऊन हजर.

"घाल रे. माझ्या डोळ्याक बरे पडले, तुझ्याक काय वायट पडतले?"

घातले. आणि काय सांगू, लाली गायब! काकांनी स्वतःला अर्धा डॉक्टर जाहीर करून टाकलं. मग दुखणं असं उलटलं की उजेड सुईसारखा टोचायला लागला आणि बुबुळावर शिताएवढा पांढरा ठिपका आला.

म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय लागलं होतं?" मी थाप रंगवत हळर्णच्या किल्ल्यातल्या बिबट्याच्या शेपटीपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "तुमी गप रवा! डॉक्टर, बिबटो-बिबटो काय नाय. भाताची लोंबी लागली. नि हे थेंब घातले." तिने काकांची बाटली टेबलावर ठेवली.

"यात स्टेरॉइड आहे. आत्ताच्या आत्ता बंद." बाईंनी डोळा बधिर केला, बारीक पात्याने ठिपका खरवडला, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "बुरशी आहे. लोंबीबरोबर आत गेली, आणि या थेंबांनी तुम्ही तिला खत घातलंत."

"नजर राहील?" बायकोने विचारलं.

"औषध लागू पडलं तर. नाहीतर बुबुळ बदलायची वेळ येईल. हे नवे थेंब दर तासाला, बाटली हलवून. एकही चुकवायचा नाही. आणि टेम्पो बंद."

तास म्हणजे काय चीज असते ते तेव्हा कळलं. कुठे जायला अपुरा आणि बसून काढायला डोंगराएवढा! मोबाइलचा गजर वाजला की बायको दुधासारखं पांढरं औषध हलवत यायची. इतके थेंब घातले की तिळारीच्या कालव्याला पाणी कमी पडलं असेल. मधल्या वेळात मी अंगणातून परसात आणि परसातून अंगणात. अशी पायवाट पडली की पंचायत तिच्यावर डांबर घालायला निघाली होती. दर फेरीला चांगला डोळा झाकून टेम्पोकडे बघायचो. नुसता धुरकट गोळा. एकदा तो गोळा हलला, तेव्हा समजलं, मी म्हशीकडे बघत होतो. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

बाईंनी पुन्हा खरवडलं, आणखी एक औषध वाढवलं. आठवडे सरत होते, ठिपका जागचा हलेना.

मग एका तपासणीला मी बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या आतल्या पेशंटांचं वाचन ऐकलं आणि अक्षरांचा अख्खा तक्ता पाठ केला. आत गेलो, चांगला डोळा झाकला आणि ऐटीत सुरुवात करणार, तोच बाईंनी तक्ता बदलला.

"दार उघडंच असतं आमचं," त्या म्हणाल्या. "दिसेल तेवढंच वाचा."

वरचं मोठं अक्षर दिसलं. खरंच दिसलं! त्याखालची ओळ धुक्यातून ओळखली. तिसऱ्या ओळीला मी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

बाईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. "कडा भरतायत. बुरशी मागे हटतेय. डोळा वाचेल असं वाटतं, पण डाग राहणार."

"टेम्पो?" मी.

"थेंब," बाई.

परतीच्या बसमध्ये मी पुढची सीट धरली आणि चांगल्या डोळ्यावर हात ठेवला.

"हात काढा तो," बायको म्हणाली.

"थांब गो. समोरून तांबडं काहीतरी येतंय. मोठं."

"ट्रक तो."

"मग मी काय म्हणालो?"

मोबाइल वाजला. तिने तिथेच बाटली हलवायला घेतली. बसने वळण घेतलं, पहिला थेंब नाकावर पडला, दुसरा मिशीवर. मी डोळा ताणून धरला आणि म्हटलं, "घाल, घाल, डोळ्यात पडेपर्यंत घाल."