पाल्याची बैलजोडी

आत्याला जमिनीवर नुसतं बसता येत नसे. बसली की दोन मिनिटांत तिचा उजवा हात आपोआप बाजूला सरकायचा, काहीतरी हिरवं चिमटीत धरायचा आणि मुळासकट बाहेर काढायचा. तोंड गप्पा मारत असे, डोळे समोरच्या माणसाकडे असत; हाताचा कारभार वेगळा. वसमतच्या बसस्टँडवर कुरुंद्याची गाडी दीड तास आली नाही तेव्हा तिनं तिथल्या लिंबाखालची सगळी जागा निंदून ठेवली होती. माझ्या लग्नात बुद्धवंदना संपेपर्यंत मांडवातला बायकांकडचा कोपरा स्वच्छ झाला होता. लग्नाच्या फोटोत सगळे आमच्याकडे बघतायत आणि आत्या हराळीकडे.

"काहून गं आत्या, इथं तरी बस ना गुमान," असं म्हटलं की ती म्हणायची, "मी बसूनच हाय की. हाताला कोन सांगावं?"

सख्खी आत्या माझी, पण सगळं कुरुंदा तिला आत्याच म्हणायचं. तिच्या पिशवीत पानाचा डबा असो नसो, खुरपं असायचं. आणि जिभेलाही तसलीच धार. ती जीभ आयुष्यात एकदाच चुकीच्या ठिकाणी चालली, असं ती स्वतः सांगायची. ते चुकीचं ठिकाण म्हणजे तिचा नवरा, आमचे मामा.

मामा वसमतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल होते. एकदा हळदीच्या ट्रकबरोबर पुण्याला गेले. ट्रक बिघडला, दोन दिवस तिथंच अडकला, आणि मामा पुणं बघून आले. आल्यावर ओट्यावर बसून दहा-बारा माणसांना त्यांनी सांगितलं की पुण्यात एका बागेत पाल्याची बैलजोडी आहे. मेंदीच्या झाडाची. शिंगं, वशिंड, शेपूट, सगळं पाल्याचं, आणि एक माणूस रोज कात्रीनं त्यांची हजामत करतो.

सगळे ऐकत होते. तेवढ्यात आतून आत्या म्हणाली, "मंग शेण काय फुलायचं टाकतेत का?"

ओटा हसून हसून लोळला. त्या दिवसापासून मामांनी काहीही सांगितलं, साधं कापसाचा भाव उतरला म्हणून सांगितलं, तरी कुणीतरी विचारायचंच, "पाल्याच्या बैलावानी का?" मामा भांडले नाहीत. त्यांनी सांगणंच सोडून दिलं. पुढं ते नांदेडला जाऊन आले, हैदराबादला जाऊन आले. आत्या विचारायची, काय पाहिलं? मामा म्हणायचे, "काही न्हाई." मामा गेले तेही तसेच, काही न बोलता.

हे मला फार उशिरा कळलं. आत्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धुळीत जायचं नाही, मातीत वाकायचं नाही. कुरुंद्यात राहून ती हे ऐकणार नव्हती, म्हणून तिच्या पोरानं तिला माझ्याकडे पुण्याला धाडलं. काळा चष्मा लावून ती माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तीन आठवडे बसली. चौथ्या आठवड्यात माझ्या बायकोच्या कुंड्यांमध्ये काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा म्हणाली, "लेकरा, आता दोनी डोळ्यानं चांगलं दिसून राहिलं. मला ते बैल दाखव."

"कुठले बैल?"

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "म्या त्या वक्ताला हसले, माणूस बोलायचा बंद झाला. ते खरं व्हतं का खोटं, मला पाहू दे. खोटं असलं तर मी मोकळी. आन् खरं असलं तर..." हात सतरंजीचे दोरे उपटत होता.

आता, मी माणूस कसा आहे ते गावाला ठाऊक आहे. नांदेडच्या गाडीत बसून परभणीत उतरलेला मी. मी जे सांगतो त्यातलं निम्मं कुरुंदा मानत नाही आणि उरलेलं निम्मं ऐकत नाही. तरी मी छाती काढून म्हणालो, "आत्या, पुण्यात पंचवीस वर्षं काढली मी. बागा मला पाठ आहेत."

पहिल्या दिवशी आम्ही साडेअकराला एका मोठ्या बागेपाशी पोचलो. फाटकाला कुलूप. पुण्यातल्या बागा सकाळी अकराला बंद होतात आणि दुपारी चारला उघडतात, हे पंचवीस वर्षांत मला कळलं नव्हतं, कारण पंचवीस वर्षांत मी एकाही बागेत गेलो नव्हतो. आत्यानं कुलपाकडे पाहिलं.

"झाडं निजतेत व्हय दुपारची?"

चारपर्यंत आम्ही फूटपाथवर बसलो. फूटपाथच्या फटीतलं गवत साडेतीनपर्यंत संपलं. चारला आत गेलो. आत कारंजं होतं, बदकं होती, बैल नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वेळ नीट बघितली. वार बघितला नाही. बागेला साप्ताहिक सुट्टी होती. "आज कामगारांची सुट्टी," वॉचमन म्हणाला. "बागेला सुट्टी!" आत्या रिक्षात बसताना म्हणाली. "आमच्या हळदीनं एक दिस सुट्टी न्हाई देली कुनाला." त्या संध्याकाळी तिनं माझ्या हातचा चहा घेतला नाही. मी चिडून बायकोवर ओरडलो, बायको म्हणाली, "बाग मी बंद केली का?" तेही बराबरच होतं.

तिसऱ्या दिवशी मी पूर्ण तयारीनिशी उतरलो. शहराबाहेरचं मोठं वनस्पती उद्यान, मोबाईलवर काढलेलं तिकीट, वेळ बरोबर, वार बरोबर. महिना चुकला होता. तिकीट पुढच्या महिन्यातलं निघालं. शिवाय दारावरच्या रक्षकानं आत्याची पिशवी उघडली आणि खुरपं वर धरून मला विचारलं, "हे काय आहे?"

"हत्यार न्हाई बाबा ते," आत्या म्हणाली, "माझा हात हाय."

हात दारापाशी जमा झाला, त्याची पावती मिळाली. मी खिडकीपाशी तिकिटाची तारीख बदलून मागत उभा राहिलो. आत्याला दारातल्या कट्ट्यावर बसवलं आणि "कुठं हलू नको" म्हणून सांगितलं. ती हलली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पण कट्ट्याला लागूनच एक वाफा होता.

पाऊण तासानं तारीख बदलून मिळाली. विजयी चेहऱ्यानं मी वळलो, तर वाफा काळाभोर, भुसभुशीत, मोकळा. कडेला केना, घोळ, एकदांडी यांच्या जुड्या, मुळं उन्हाकडे करून, ओळीनं मांडलेल्या. आणि वाफ्याच्या डोक्यावर एक पाटी, जी आत्याला वाचता येत नव्हती आणि मी वाचली नव्हती: 'आपल्या मातीतल्या रानवनस्पती'.

आतून एक तरुण मॅडम धावत आल्या. रडायच्याच बेताला आल्या होत्या. "आजी, अहो, हे आम्ही मुद्दाम लावलं होतं!"

आत्या चष्म्याआडून त्यांच्याकडे बघत राहिली. "मुद्दाम? केना?"

"हो!"

"पानी बी घालताव?"

"ठिबक आहे ना."

आत्यानं ठिबकची नळी बोटानं उचलून पाहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तनाला ठिबक. साठ वर्सं उपटलं म्या."

माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं आणि मोतीबिंदूपासून मामांपर्यंत असं काही सांगत सुटलो की मॅडमना शेवटी वाटलं, डोळा माझाच गेलाय. तोवर आत्यानं एक जुडी उचलून त्यांच्यापुढं धरली. "मूळ पाहा. एक तरी तुटलं का? रडू नको बाई, लावून देते." आणि जी बाई आयुष्यभर तण काढत आली, ती त्या दुपारी गुडघ्यावर बसून, ओठ घट्ट मिटून, एकेक तण परत लावत होती. डॉक्टरांचं मातीत वाकू नका मला आठवलं, तेव्हा शेवटचा केना लागत होता. बैल बघायचे राहूनच गेले. दार बंद व्हायची शिट्टी झाली होती. खुरपं परत घेताना पावती सापडेना. ती माझ्याकडे होती, हे सांगायला नकोच.

परतताना रिक्षात मी वैतागून म्हणालो, "आत्या, एवढ्या बागा या शहरात. मामांनी काही खूण तरी सांगितली होती का?"

"सांगितली व्हती की. दारात सिमिटाचा जिराफ हाय, मान मोडलेला."

"अगं, मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"तू मोबाईलला इचारून राहिलास. मला कुटं इचारलंस?"

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "मोडका जिराफ? आमच्या घरामागंच आहे की ती बाग." पंचवीस वर्षांत पाठ झालेल्या माझ्या सगळ्या बागा त्या आरशात दिसेनाशा झाल्या.

चौथ्या दिवशी, आत्याच्या जाण्याच्या दिवशी, सकाळी सातला आम्ही तिथं होतो. लहानशी, उतरलेल्या रंगाची बाग. दारात जिराफ, मान वाकडी. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं पाऊल जरा अडखळलं. आत एक म्हातारे माळी पाणी मारत होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बैल? होते खरे. पण कात्री चालवणारा माणूस रिटायर झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. ती बघा, तिकडं झुडपं."

मेंदीची दोन अवाढव्य झुडपं. शिंग नाही, वशिंड नाही, नुसता पाला, वर कावळा. मला इतका राग आला की काय सांगू. कुणाचा ते मला कळेना. "चल आत्या," मी म्हणालो, "गाडी चुकेल."

आत्यानं काळा चष्मा काढून माझ्या हातात दिला. झुडपाशी गेली आणि उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. डोळे माझ्याकडे, हात पाल्यात. निंदताना असायची तशी. चाचपत, फांद्या बाजूला सारत तो हात वर गेला आणि थांबला.

"ये इकडं. हात घाल."

मी हात घातला. आत गंजलेली लोखंडी सळई होती. वर जाऊन बाकदार वळलेली, टोकाला निमुळती.

"शिंग हाय," आत्या म्हणाली.

मग तिनं दुसरं शोधलं. मग मागं जाऊन वशिंडाची कमान. मग दुसऱ्या झुडपात शिंगांची दुसरी जोडी. सगळं बैलाचं माप होतं, तिला ते पाठ होतं. शेवटी ती पहिल्या बैलाशी येऊन खाली बसली, एक हात आत शिंगावर. पायाशी गुडघाभर हराळी माजली होती आणि आत्या तिला हात लावत नव्हती.

"माणूस सांगून राहिला व्हता," ती म्हणाली, "आन् म्या शेण इचारलं."

थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाली, "फोटो काढ. ओट्यावर दाखवते सगळ्यायला." मी फोटो काढले. ऊन समोर होतं, वाचायचा चष्मा घरी राहिला होता, पण मी चांगले तीन काढले. तिला गाडीत बसवलं आणि घरी येऊन बघितलं. तिन्ही फोटोंत मीच होतो. कॅमेरा उलटा. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, आणि मागं कोपऱ्यात जिराफाचा एक पाय.

परत जाऊन काढतो म्हणालो. आज जाऊ, उद्या जाऊ, यात तीन आठवडे गेले. गेलो तेव्हा बागेभोवती पत्रे लागले होते, 'नूतनीकरण सुरू'. पत्र्याच्या फटीतून दोन खड्डे दिसले. सळया भंगारात गेल्या, असं तिथला मजूर म्हणाला.

मी फोन करून आत्याला सांगितलं, माफी मागितली. तिकडे कुरुंद्यात तिचं ओट्यावर सगळं सांगून झालं होतं आणि लोक तिलाच विचारत होते, "आत्या, पाल्याच्या बैलावानी का?" ती फोनवर हसली. "ऱ्हाऊ दे लेकरा. तुझ्या मामायला कसं वाटलं आसंल ते तं कळलं." पण ती मामांसारखी गप्प झाली नाही. जो भेटेल त्याला सांगत राहिली. माझ्या त्या तीन फोटोंतला एक तिनं छापून घेतला आणि जिराफाच्या पायावर बोट ठेवून दाखवायची.

गेल्या वर्षी आत्या गेली. जलदानविधीच्या दिवशी, मांडवात सगळे जमले असताना, गावातल्या एकांनी माईकवर आठवणी सांगितल्या. म्हणाले, आत्या मोठी विनोदी, पाल्याचे बैल काय रंगवून सांगायची. सगळे हसले, प्रेमानंच हसले. मला राहवलं नाही. उठलो, माईक घेतला आणि म्हणालो, "बैल होते. शिंगाला मी स्वतः हात लावलाय."

मग मागून कुणीतरी विचारलं, "मंग शेण काय टाकत व्हते?"

तो प्रश्न आत्याचाच. अख्खा मांडव हसला. मामा अशा वेळी खाली मान घालून बसायचे.

मी माईक सोडला नाही.