आत शून्य

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या केमिकल कारखान्यातला वॉचमन धुळ्याकडचा होता. गॅस सुटला तर किती जणांना शोधायचं ते कळावं, म्हणून सरकारी नियमानं गेटवर आतल्या माणसांचा आकडा लिहावा लागे. तो खडूनं लिही, बोटानं पुशी. काडेपेटी काढून घेताना प्रत्येकाला जेवणाचं विचारी, "जेवनात का?" उत्तर द्यायला कोणी थांबत नसे.

संध्याकाळी सगळ्यांत शेवटी मी निघायचो. मग तो फळ्यावर शून्य काढायचा.

एकदा मी म्हटलं, "अहो, तुम्ही आहात ना आत?"

"मी गेटमा येस, भाऊ. मानसेसमा नही."

माझी काडेपेटी परत देऊन, शून्य जरा गोल करून, त्यानं गेटला आतून कुलूप घातलं.