पळत्या लेकीला खीर

माझे वडील गेले आणि चौथ्या महिन्यात मी पोहायला लागले, कारण पाण्याखाली कोणी सांत्वन करायला येत नाही.

हे कारण मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. विचारणाऱ्यांना 'पाठदुखी' एवढंच सांगायचे. पण खरं कारण हेच. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी कोणी ना कोणी येऊन बसायचं. नांदेडहून, परभणीहून, सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टर्समधून (बाबा रेल्वेत होते, त्यामुळे त्यांच्या ओळखी प्रत्येक स्टेशनावर!). पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला तरी माणसं येतच राहिली. आलेला प्रत्येक जण चहाचा पहिला घोट घ्यायचा आणि विचारायचा, "कसे गेले हो अचानक?" मी ते इतक्यांदा सांगितलं, की पुढं पुढं सांगता सांगता मटार सोलून व्हायचे.

आई मात्र काहीच सांगायची नाही. बाबा गेल्यापासून तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बाजार नको, विहार नको, सिकंदराबादला सख्ख्या बहिणीकडं नको. कशालाही एकच उत्तर, "मला नको." दर पौर्णिमेला ती मोठं पातेलंभर खीर करायची आणि बाबा ती सगळ्या बिल्डिंगला वाटून यायचे. ते पातेलं माळ्यावर गेलं. पौर्णिमा आपली आपण येऊन जायची.

मी नल्लकुंट्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाला पोहायला शिकायचं झालं, तर तो आधी पुस्तक वाचतो. पुस्तकात लिहिलं होतं, की हातांची हालचाल कोरड्या जागी पक्की करावी. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी वाचनकक्षाचं दार लोटून लांब टेबलावर पालथी पडले आणि हात मारू लागले. एक श्वास डावीकडं, एक श्वास उजवीकडं. उजवीकडच्या एका श्वासाला दारात प्राचार्य दिसले.

"बरं वाटत नाहीये का, मॅडम?"

"पोहतेय, सर."

त्यांनी अतिशय हळुवारपणे दार लावून घेतलं. (पुढच्या आठवड्यात माझी रजा मंजूर होऊन आली. मी अर्ज केला नव्हता!)

तलावावरचे कोच सत्यम सर मात्र माझ्यावर खूश होते. एक दिवस काठावर बसून म्हणाले, "मॅडम, आप थकते, पानी पीते, डूबते बी. मगर बाहर नै निकलते. आपकू ट्रायथलॉन करना."

"मतलब क्या, सर?"

"पैले तैरना, फिर सायकिल, फिर भागना. सब एकीच दिन में."

"और बैठना कब?"

"बैठनेकाच नै!"

मी त्याच क्षणी तयार झाले. गेले कित्येक महिने मी नुसती बसलेच होते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. मिलिंद बँकेत आहे. कोणतीही गोष्ट तो ओळीनं विचारतो.

"पोहायचं किती?"

"जवळजवळ दोन किलोमीटर."

"आणि सायकल?"

"नव्वद."

"मीटर?"

"किलोमीटर."

"आणि मग घरी?"

"मग एकवीस किलोमीटर पळायचं."

त्यानं उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, "त्या दिवशी डबे कोण करणार?"

सायकलचा सराव हॉलमध्ये सुरू झाला. सायकलचं मागचं चाक एका लोखंडी स्टँडवर अडकवायचं आणि जागच्या जागी पाय मारत बसायचं. सोयीचं होतं. एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं सातवीतल्या आर्याचं गणित तपासता यायचं, दुसरीतल्या कबीरचे पाढे घेता यायचे. अडचण एकच. सांत्वनाला येणारी माणसंही हॉलमध्येच बसायची.

परभणीचे एक काका आले, तेव्हा माझा अर्धा तास उरला होता आणि मध्ये थांबायचं नाही अशी सत्यम सरांची सक्त ताकीद होती. काका पुढच्या चाकासमोर खुर्ची ओढून बसले. चहाचा घोट घेतला.

"कसे गेले हो अचानक?"

"रात्री... हुं... जेवले... हुं हुं... आणि... झोपले..."

"रडू नको, पोरी!" काकांनीच डोळ्यांना रुमाल लावला. "रडू नको! नाही, रड! मोकळी हो!"

मोकळी कशी होणार? बूट पेडलला अडकवलेले होते!

काका पोटभर रडून गेले. जाताना परभणीपर्यंत सगळ्यांना सांगत गेले, की पोरीनं फारच लावून घेतलंय, तिला श्वाससुद्धा घेववत नाही. पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली.

उरलं पळणं. त्याला वेगळा वेळ नव्हता, त्यामुळं दूध आणायला पळत जायचं, कबीर डबा विसरला की त्याच्या शाळेच्या रिक्षामागं पळायचं (तो आठवड्यातून तीनदा विसरायचा, चांगला सराव झाला). खालच्या मजल्यावरच्या पद्माअक्का रोज गेटपाशी भाजी घेत उभ्या असायच्या.

"क्या जी, कुत्ते पीछे पडे क्या?"

"नै अक्का. रेस है."

"इनाम क्या मिलता?"

"मेडल."

"बस? फिर कायकू जी?"

कायकू, ते मलाही नीट सांगता येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण ते मेडलबद्दल नव्हतं. शेवटच्या रेषेपाशी आई उभी असावी, एवढंच मला हवं होतं. ती घराबाहेर पडेल असं एकही निमित्त मला सापडलं नव्हतं. लग्नांना ती गेली नाही, बारशांना गेली नाही, डॉक्टरला घरी बोलावावं लागलं. मग लेक दिवसभर स्वतःचे हाल करून घेणार म्हटल्यावर तरी येईल, असा माझा अंदाज. माणसं आईला बाहेर काढायला सिनेमाची तिकिटं काढतात. मी नव्वद किलोमीटर सायकल काढली.

आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "आई, उद्या येशील? दुपारी मिलिंद आणि मुलं निघणारच आहेत. गाडीत पुढची जागा रिकामी आहे."

"मला नको."

"बरं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "जेवायला काय देतात तिथं?"

"जेवण नसतं गं. चिकट, गोड असं पाकिटात असतं. ते चोखायचं."

"दिवसभर?"

"हो."

"काहून?"

पद्माअक्कांचंच 'कायकू', फक्त मराठीत. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी झोपायला गेले.

शहराबाहेरच्या एका मोठ्या तलावावर ही स्पर्धा होती. सायकल आदल्याच दिवशी जमा करायची होती, ती मी टेम्पोनं पाठवून दिली होती. (ती परत कशी आणायची याचा विचार मात्र केला नव्हता.) सगळ्यांना एक नियम पुन्हा पुन्हा बजावला गेला. रस्त्यात बाहेरच्या माणसाकडून खाणंपिणं घेतलं, तर स्पर्धक बाद. मी हा नियम घरी सांगितला नाही. मला खाऊ घालायला येणार होतं कोण?

पोहणं ठीक झालं. पाण्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या फुग्यांना वळसे घालत जायचं होतं. चष्मा नसला की मला फुगा आणि बदक यांतला फरक कळत नाही. मी एका बदकामागं बरीच लांब गेले. शेवटी तेच कंटाळून उडालं, तेव्हा कळलं. सायकलवर मला कोण कोण मागं टाकून गेलं हे मोजणं मी लवकरच सोडलं. शेवटचा आठवतो तो दुधाच्या किटल्या लावलेला मोपेडवाला. तो घरोघरी थांबून दूध घालत चालला होता, तरी गेला.

पळायला सुरुवात केली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अर्ध्याहून जास्त अंतर झालं, तेव्हा माझ्यामागं फक्त रुग्णवाहिका उरली होती. ती माझ्याच वेगानं येत होती आणि ड्रायव्हर माझ्याकडं मोठ्या आशेनं बघत होता. पण हिशेब अजून जमत होता. असंच रखडत राहिले असते तरी वेळेच्या आत पोहोचले असते.

तेवढ्यात वळणावरच्या लिंबाखाली मला आमची गाडी दिसली. मिलिंदनं छत्री धरली होती. छत्रीखाली आई होती.

आई! रस्त्यावर! पायांत बाबांच्या चपला होत्या. स्वतःच्या कुठं ठेवल्यात हे तिला आठवलं नसावं. शेजारी बॉनेटवर ते माळ्यावरचं पातेलं आणि तिच्या हातात वाटी.

"भागो जी, भागो!" पद्माअक्का ओरडत होत्या. (आई एकटी यायला बिचकेल म्हणून त्यांनाही आणलं होतं.) "नै, नै, रुको! अम्मा खीर लाए!"

मी थांबले. त्याबरोबर मागून स्कूटरवरून पंच बाई आल्या, गळ्यात शिट्टी.

"मॅडम, नक्को! बाहर का नै खाना! बाद हो जाते आप!"

"अहो बाई," आई पुढं झाली, "ये सुबह से भूकी है. मैं इसकी माँ है."

"अम्मा, रूल है."

"रूल तुम्हारा. पोरगी मेरी."

"आई, खाऊ नको!" आर्या किंचाळली. "थोडंच राहिलंय, प्लीज!"

"मग मी खाऊ का तिची?" कबीरनं विचारलं.

आईनं वाटी माझ्यापुढं धरली. "हे बघ. सहा वर्षं उपाशी राहिलेल्या भगवंतांना त्या बाईनं खीर दिली नसती, तर तो पिंपळ आज नुसता पिंपळच राहिला असता. त्यांना कोणी बाद केलं का?"

(खरं तर केलं होतं. खीर खाल्ली म्हणून त्यांचे पाच साथीदार त्यांना सोडून निघून गेले होते. पण ग्रंथपाल झाले म्हणून काय झालं, ती वेळ संदर्भ देण्याची नव्हती.)

एवढ्या महिन्यांत आई एका दमात इतकं बोलली नव्हती. वाटी अजून माझ्यापुढंच होती. पलीकडं रस्ता सरळ होता, ऊन कलायला लागलं होतं आणि वर्षभराचा सराव माझ्या पायांत होता, म्हणजे जो काय होता तो.

मी वाटी घेतली. शिट्टी वाजली. मी दुसरी वाटी मागितली.

खिरीत वेलदोडा जास्त झाला होता. आईच्या हाताची सवय मोडली होती, दुसरं काही नाही. पंच बाईंनी माझ्या घोट्याचा वेळ मोजणारा पट्टा सोडवून घेतला आणि "ड्यूटी पे हूँ, अम्मा" म्हणत म्हणत एक वाटी संपवली. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं दोन संपवल्या. माझ्यावरची त्याची आशा गेली होती, पण दिवस वाया गेला नाही.

मग पंच बाईंच्या स्कूटरवरून तलावावर जाऊन मी सायकल सोडवली, मागून आमची गाडी आली. निघायची वेळ झाली आणि आई पदरानं हात पुसत म्हणाली, "आता बाहेर पडलेच आहे, तर निर्मलाकडं जाऊन येऊ."

निर्मला म्हणजे माझी मावशी, आईची सिकंदराबादची धाकटी बहीण. तिचे फोन घेणंही आईनं बंद केलं होतं. कोणी 'खरंच?' म्हटलं असतं तर ती फिरली असती. मिलिंदनं लगेच गाडी सुरू केली. पुढं आई बसली, मांडीवर पातेलं. मागं मुलं आणि पद्माअक्का. दारं लागली.

मी बाहेरच होते.

मिलिंदनं काच खाली केली. "अगं, तुझी जागा..."

"आईला मीच देऊ केली होती," मी म्हणाले. "मी सायकलनं येते."

हे मी एका खेळाडूच्या अभिमानानं म्हणाले. पहिल्या फ्लायओव्हरला तो अभिमान संपला. पुढं गाडी प्रत्येक सिग्नलला माझी वाट बघायची. मी पाय टेकला की सिग्नल सुटायचा आणि मागच्या काचेतून कबीर ओरडायचा, "कम ऑन, आई! आता तुला कोणीच बाद नाही करू शकत!"

मावशीच्या गल्लीत शिरले, तेव्हा दोघी बहिणी दारात एकमेकींना धरून उभ्या होत्या. रडून झालं होतं, आता ओरडणं चाललं होतं. "फोन उचलायला काय झालं होतं गं तुला?" "तू यायचंस ना मग!" मी गेटपाशी आले. डोक्यावर हेल्मेट, अंगावर तलावाचं शेवाळ, दंडावर शाईचा नंबर, गुडघ्यापर्यंत साखळीचं काळं. उतरायला पाय उचलेना, म्हणून सायकलसकट फाटकाला टेकून उभी राहिले.

मावशी दचकली. "ताई, ही कोण गं बाई दारात?"

आईनं वळून माझ्याकडं नीट पाहिलं.

"आपलीच आहे," ती म्हणाली. "आमच्याबरोबरच निघाली होती. जरा हळू आहे."